बोटीत फेटिया चालणार नाही

खडकदरा तलावावर बोटीत बसायचं तर आधी मानीबाईच्या हाताखालून जावं लागतं. धक्क्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली आहे. तिच्या भिंतींवर खिळ्यांना नारिंगी जाकिटं टांगलेली असतात. मानीबाई माणसाला खालपासून वरपर्यंत एकदा नजरेनं मापते, त्याच्या मापाचं जाकीट उतरवते, अंगावर चढवते आणि पट्टा असा करकचून ओढते की धडधाकट गड्याच्या तोंडूनही "अरे बाप!" निघतं. मागे एक साहेब म्हणाले, "मला उत्तम पोहता येतं, हे नको." मानीबाई म्हणाली, "येत असन साहेब. पन मले तुमाले पोहताना नाई पाहाचं, बसलेलं पाहाचं हाय." साहेबांनी मुकाट्यानं हात वर केले.

अशी ही कडक बाई. तरी चूक झाली ती तिच्याच हातून.

दिग्रस आणि पुसदच्या मधल्या डोंगरात हा तलाव आहे. तीन बाजूंना सागाच्या टेकड्या, चौथीला मातीचा बांध, आणि बांधाच्या उत्तर टोकाला दगडी सांडवा. तलाव तुडुंब भरला की जास्तीचं पाणी या सांडव्याच्या भिंतीवरून पलीकडच्या खडकांवर कोसळतं. दुष्काळी कामात हा बांध घातला गेला, तेव्हा शेजारच्या बंजारा तांड्यातल्या बायकांनी डोक्यावरून माती वाहिली. मानीबाईची आई लालीबाई त्यांच्यात होती. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरणारी ही माणसं आता इथेच कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतात. तलावाचं पाणी त्यांनी गुरांना पाजलं, शेताला दिलं. त्या पाण्यावर हौसेनं बसून हिंडायचं असतं, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग काही वर्षांपूर्वी बोटी आल्या. पायडल मारून चालवायच्या हंसाच्या आकाराच्या चार, मोटारीची एक, आणि कुणी अडचणीत सापडलं तर धावून जायला वल्ह्याची एक साधी नाव. काम मिळालं तांड्यातल्या बायकांच्या बचत गटाला. मोटारबोट चालवायला मानीबाईचा नवरा खेमसिंग. बाकी सगळ्या बायका.

शिकवायला नागपूरहून एक तरुण मास्तरीण आली होती. तिने सगळ्यांना सलवार घालून पाण्यात उतरायला लावलं. गटाची अध्यक्ष तानाबाई, वय साठीच्या पुढचं, तिनं साफ नाही म्हटलं. "ज्या फेटियात माहं लगीन लागलं, त्याच फेटियात पोहीन," असं म्हणून ती धक्क्यावरून उतरली. फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार घागरा. आरसे, कवड्या, शिक्के आणि भरतकामानं तो इतका जड असतो की वाळत घालायलाही दोघी लागतात. तो आधी छत्रीसारखा पाण्यावर फुलला. बायका हसल्या. मग त्यात पाणी शिरलं, आणि तानाबाई हसत्या तोंडानिशीच खाली गेली. दोरीनं ओढून काढली तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "माही चप्पल!" त्या संध्याकाळी गटानं नियम केला. फोटोसाठी पाहुण्यांनी फेटिया घालावा, पण काठावर. बोटीत फेटिया चालणार नाही.

फोटोसाठी गटानं हलके, गिरणीच्या कापडाचे, हुक लावलेले फेटिये शिवून घेतले होते. मानीबाईचा स्वतःचा फेटिया त्यांतला नव्हता. तो लालीबाईनं लेकीच्या लग्नासाठी हातानं भरून शिवलेला. कितीतरी पावसाळे गेले होते तो पुरा व्हायला. कमरेची पट्टी तर एवढी दाट भरलेली की मूळ कापड दिसायचं नाही. नाडीसुद्धा तिनं रंगीत दोऱ्यांची विणून पट्टीतच शिवून टाकली होती. मानीबाईची लेक अंजू लग्नात तो घालील, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. अंजूनं दुकानातून भाड्याचा लेहेंगा आणला. "आई, त्यात मले स्टेजवर चालता येत नाई व," म्हणाली. वर्षातून एकदा, श्रावणातल्या तीजेला, मानीबाई स्वतः तो घालून तांड्यात नाचायची आणि मग ऊन पडलं की वाळवून पेटीत ठेवायची.

त्या रविवारी तो जाकिटाच्या खोलीबाहेर दोरीवर होता, कारण तांड्यापेक्षा काठावर ऊन चांगलं लागतं.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, नुकत्याच उठल्या होत्या. घरोघरी पाहुणे होते आणि त्या पाहुण्यांना कुठेतरी न्यायचं होतं, त्यामुळे तलावावर जत्रा भरली होती. कळंबहून एक गाडी आली. तीतून बेबीताई उतरल्या, घरची शेती बाळगून असलेल्या, पदर खांद्यावर चापून बसवलेल्या. त्यांचा मुलगा अंकुर, आणि उन्हाळ्यातच घरात आलेली सून निशिगंधा. सून दोरीवरच्या फेटियासमोर जी थांबली ती हलेचना.

"मावशी, हे हातानं केलंय?"

"मंग का पायानं?" मानीबाई म्हणाली. पण आवाज मऊ पडला होता.

निशिगंधानं एका आरशाभोवतीचे टाके बोटानं चाचपले. "माझी आजी गोधड्या शिवायची. पण इतके बारीक टाके नाही पाहिले कधी. कोणी केलं?"

"माह्या याडीनं. आईनं."

बेबीताई मागून म्हणाल्या, "हौस पाहा हिची! घरी लुगडं नेसाले सांगा, तं पिना लावता लावता दुपार करते. आणि इथं घागरे पाहून राह्यली."

"आई, एकच फोटो," सून म्हणाली. आणि मानीबाईकडे वळून, "मावशी, घालू देता का हाच? ते दुसरे नको मला."

काठावर इतके लोक येत, फेटियासोबत फोटो काढून घेत आणि घडी न घालता फेकून जात. टाक्यांना बोट लावून कुणी विचारलं नव्हतं. पोटच्या लेकीनंही नाही. मानीबाईनं तिला खोलीत नेलं, तिच्या लेगिंगवरून फेटिया चढवला, आणि नाडी बांधली.

बांधली ती नाचाची गाठ. मानीबाईच्या हाताला दुसरी येतच नव्हती. नाडीचे कमरेभोवती दोन वेढे, तिसरा खालून ओवून आत दाबायचा आणि पाण्याचं बोट लावून खेचायचा. तीजेला दिवस मावळेपर्यंत नाचलं तरी एवढं वजन जागचं हलत नाही. ही गाठ आपली आपल्याला सोडवता येत नाही. नाच संपला की बाई पाठीवर आडवी होते आणि दुसरी बाई ती सोडवते. लहानपणी मानीनं लालीबाईची गाठ सोडवली होती, पुढे लालीबाईनं मानीची.

निशिगंधा बाहेर आली तेव्हा खरोखर लोक थांबून पाहू लागले. ती धक्क्याकडे निघाली. "मावशी, बोटीत बसून एक? मागे डोंगर येतील."

नियम मानीबाईला पाठ होता. तिनंच तो शंभरदा लोकांना ऐकवला होता. तिनं पाण्याकडे पाहिलं. पाणी शांत होतं. "बोट बांधलेली हाय. बांधलेल्या बोटीत बसाचं, फोटो काढाचा, उतराचं," ती म्हणाली आणि पोरीच्या अंगावर जाकीट चढवलं.

"आरसे झाकले ना सगळे," पोर हिरमुसून म्हणाली.

मानीबाईनं पाहिलं. खरंच झाकले होते. नारिंगी जाकिटाच्या खाली आईचं एवढं काम दिसेनासं झालं होतं. "बरं, तेवढ्यापुरतं काढ," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या बोटीवर भांडण लागलं. चार पोरं वेळ उलटली तरी उतरेनात, आणि रांगेतली माणसं चिडली होती. मानीबाई तिकडे गेली. दोघांना शब्दांनी उतरवलं, दोघांना कॉलरीला धरून. परत वळली तेव्हा धक्क्याच्या कडीत दोरी नव्हती. फळीवर एक नारिंगी जाकीट पडलं होतं.

बोट भर पाण्यात गेली होती. अंकुरच्या अंगावर जाकीट होतं. त्याच्या शेजारी मावळतीकडच्या उन्हात आरसे लखलखत होते.

"कोनं सोडली?" मानीबाई ओरडली.

"पोट्ट्यानंच सोडली," बेबीताई कौतुकानं म्हणाल्या. "दोन पायडल मारून येतो म्हणे. नवीन जोडपं हाय वो, जाऊ द्या."

मानीबाईनं गळ्यातली शिट्टी फुंकली. दोन लांब शिट्ट्या म्हणजे मागे फिरा. बोटीतून दोघांनी मजेत हात हलवले. तिनं पुन्हा फुंकली, पुन्हा हात हलले. आणि मग नैर्ऋत्येच्या खिंडीत सागाची पानं एकदम उलटी होऊन पांढरी झाली.

भाद्रपदात हा वारा दुपारनंतर कधीही उठतो. तो खिंडीतून शिरतो आणि पाणी बांधाकडे, सांडव्याकडे रेटत नेतो. तलावाचा रंग पलीकडून काळवंडत आला. हंसाची मान गर्रकन फिरली आणि बोट वाऱ्याला आडवी झाली. मानीबाई वाट पाहत राहिली, की आता अंकुर पायडल मारील आणि तोंड सरळ करील. पायडल फिरत नव्हते. बोटीमागे पाण्याला फेसच नव्हता.

तिला कळलं. तिला जे कळलं ते काठावर दुसऱ्या कुणालाच कळायचं कारण नव्हतं. वीस हातांचा घेर पायडलात गेला होता. आता पोर बोटीला बांधली गेली होती, आणि बोट उलटली तर बोटीसकट खाली जाणार होती. कमरेची गाठ तिला सुटणार नव्हती. मानीबाईनंच ती तशी बांधली होती.

"शीला!" तिनं हाक मारली. शीला तानाबाईची सून, गटात वल्हं मारण्यात तिचा हात कुणी धरत नसे. "नाव काढ! तानाबाई, अंजूच्या बाबाले बोलवा!"

खेमसिंग मोटारबोट घेऊन टेकडीच्या नाकाडापलीकडच्या देवळाशी थांबला होता. तिथून धक्का दिसत नाही आणि डोंगरात फोन लागत नाही. तानाबाई तिकीट खिडकीतून उठली, डोक्यावरची लाल ओढणी हातात घेतली आणि त्या वयात बांधावरून पळत सुटली.

मानीबाईनं फळीवरचं जाकीट उचललं, दुसरं स्वतःच्या अंगावर ओढलं आणि नावेत उडी टाकली. बेबीताईंना आता समजलं होतं. त्यांच्या आवाजातलं कौतुक पार गेलं होतं. "माह्या सुनेच्या अंगावर जाकीट काहून नाई? बाई, तुले विचारून राह्यली मी! काहून नाई?"

मानीबाईनं मागे पाहिलं नाही.

वारा पाठीशी होता, म्हणून नाव वेगात निघाली. जाताना वारा नेतो, परत मात्र येऊ देत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. शीला दात आवळून वल्ही मारत होती. मानीबाई पुढे गुडघ्यांवर बसली होती, पोटाशी रिकामं जाकीट धरून. आता सांडव्याचा आवाज ऐकू येत होता. भिंतीवरून गुडघाभर पाणी जात होतं. भिंतीच्या अलीकडे लोखंडी खांबांना लाल डबे अडकवलेली दोरी असे. कुणी भरकटलं तर ती अडवायची. पोळ्याच्या पुरात ती तुटून वाहून गेली होती. खांब तेवढे उरले होते.

"खांबाले दोरी टाकू का आधी?" शीलानं ओरडून विचारलं.

"टाक. मंग ढील देत देत त्यायच्याकडं."

शीलानं दोरीचा फास पहिल्याच फेकीत खांबात अडकवला. नाव हिसक्यानं थांबली, मग ढील दिली तशी वाऱ्यानं सांडव्याकडे सरकू लागली. हंसाची बोट खांबांच्या रेषेपलीकडे गेली होती. अंकुर तीत उभा राहून दोन्ही हात हलवत होता आणि तो हलला की बोट डुलत होती.

"बस खाली, भाड्या!" शीला ओरडली. "का नाचाले आला हाय?"

अंकुर मटकन बसला. निशिगंधा ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी हंसाची मान धरून ती बसली होती, चेहरा पांढरा पडलेला. कमरेखाली सगळा फेटिया पायडलाच्या खाचेत पिळवटून गेला होता. अंकुरनं ओढला होता, तसा तो आणखी घट्ट बसला होता. बोटीत घोटाभर पाणी होतं.

नाव बोटीला लागली. "नावेचा आणि बोटीचा, दोन्ही काठ धर," मानीबाई अंकुरला म्हणाली. "हात तुटला तरी सोडाचं नाई." त्यानं धरले. ती पलीकडे वाकली आणि पहिलं काम केलं ते जाकिटाचं. पोरीचे हात हंसाच्या मानेपासून एकेक करून सोडवले, जाकिटात घातले, पट्टा ओढला.

"मावशी, मला निघता येत नाहीये," निशिगंधा म्हणाली. "मी खूप ओढलं. ती गाठ..."

"माहीत हाय माय. मीच बांधली."

तिनं फेटियाच्या पट्टीत बोटं घातली. नाडी भिजून दगड झाली होती. आतला वेढा नखाला लागत होता, पण हलत नव्हता. नावेच्या तळाशी चाकू होता, पायडलात अडकलेलं शेवाळ कापायचा. तो तिच्या गुडघ्याला टोचत होता. चाकू आहे, गुडघ्याजवळ आहे, हे तिला प्रत्येक क्षणी ठाऊक होतं. तरी तिनं बोटंच चालवली. मग वाकून दात लावले. तोंडात तलावाचं पाणी आणि जुन्या दोऱ्याची चव आली. वेढा किंचित सरकल्यासारखा वाटला.

"कापून टाक व!" शीला ओरडली.

सरकला होता का? तिनं पुन्हा दातांनी ओढलं.

"माने! काप!"

बोट सांडव्याच्या भिंतीवर आदळली. दगडावर फायबर घासल्याचा कर्कश आवाज झाला आणि हंसाची मान पलीकडच्या बाजूला कलली. पाणी एका बाजूनं आत आलं. निशिगंधा कंबरेतून खेचली गेली आणि तिचं तोंड पाण्याखाली गेलं. जाकीट तिला वर ओढत होतं, फेटिया खाली. अंकुर काहीतरी ओरडत होता. त्याचे हात काठांवर तसेच होते, आणि दोन काठांमध्ये सापडून रक्ताळले होते.

मानीबाईनं चाकू घेतला. पट्टीखाली, पोरीच्या पोटाला पालथा हात लावून पातं घातलं आणि वर ओढलं. भरतकाम इतकं दाट की पहिल्या ओढीत अर्धीच पट्टी कापली गेली. दुसऱ्या ओढीला आरसा फुटून तिच्या तळहातात घुसला. तिसऱ्या ओढीला सगळं सुटलं.

पोर जाकिटानिशी पाण्यावर आली, खोकत, श्वास ओढत. मानीबाईनं पट्ट्याला धरून तिला नावेत ओढलं. अंकुर मागोमाग आला. त्यानं काठ सोडला, तशी हंसाची बोट हलकी होऊन वर उचलली गेली, भिंतीवर क्षणभर रेंगाळली आणि पलीकडे गेली. पायडलात अडकलेला फेटिया तिच्यामागे पाण्यावर एकदा फुलला, तानाबाईचा फुलला होता तसाच. मग खडकांवर बोट फुटल्याचा आवाज आला.

खांबाला बांधलेल्या नावेत चौघं बसून राहिले. खेमसिंगच्या मोटारीचा आवाज आला तेव्हा निशिगंधा पहिल्यांदा रडली.

काठावर बेबीताईंनी सुनेला आधी पोटाशी धरलं, मग तिच्या पाठीत एक धपका घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. आणि मग त्या मानीबाईकडे वळल्या. "तुमचा धंदा होते, आणि लोकायच्या लेकी बुडतेत! कोनाच्या भरवशावर सोडलं होतं मी तिले?"

शीला उसळली. "दोरी कोनं सोडली ते विचारा ना तुमच्या लेकाले! शिट्ट्या मारून मारून..."

"शीला, थांब," मानीबाई म्हणाली. तिच्या तळहातातून रक्त गळत होतं. "दोरी त्यानं सोडली. पन फेटिया म्या देल्ला. जाकीट म्या उतरवलं. आणि चाकू जवळ होता तरी दातानं सोडवत बसली." ती बेबीताईंकडे पाहत होती. "बाई, तुमी विचारलं ते बरोबरच विचारलं."

बेबीताईंनी मोर्चा अंकुरकडे वळवला. तो सोललेले हात काखेत दाबून उभा होता. त्याला त्या जे बोलल्या ते गाडीत बसेपर्यंत आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक बसली. कुणी मानीबाईला टाकून बोललं नाही. तानाबाईनं फक्त हात पुढे केला, आणि मानीबाईनं गळ्यातली शिट्टी काढून त्यावर ठेवली. "दिवाळीपर्यंत बोटी धू," तानाबाई म्हणाली. "जाकिटं शीला पाहीन." तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे मुखियाच्या मुलीला, गटातल्या एवढ्या जुन्या बाईला बोटी धुवायला लावलं, म्हणून तांड्यात कुजबुज झाली. मानीबाईनं बादली उचलली. घरी खेमसिंगनं जेवताना एवढंच म्हटलं, "लालीबाई असती तं पहिल्यांदाच कापला असता."

"माहीत हाय," ती म्हणाली.

फेटिया तीन-चार दिवसांनी सापडला. सांडव्याखाली ओढ्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांत त्याच्या चिंध्या अडकल्या होत्या. खेमसिंगनं सगळं गोळा करून आणलं. घेर कामातून गेला होता. पट्टी मात्र साबूत होती, एका ठिकाणी कापलेली, आणि तिच्यातली गाठ जशीच्या तशी. मानीबाई दुपारभर ती घेऊन ओसरीवर बसली. सुईनं पाहिलं, खिळ्यानं पाहिलं. खेमसिंग म्हणाला, "आता कायले सोडवून राह्यली? कोन आत हाय?" तिनं पट्टी बाजूला ठेवली.

दिवाळी झाली. शिट्टी परत आली. जाकिटाच्या खोलीत शिरल्यावर पहिल्या खिळ्यावर आता जाकीट नसतं, ती पट्टी असते. कुणी पाहुणी काठावरच्या फेटियात नटून धक्क्याकडे निघाली आणि "एकच फोटो, मावशी" म्हणाली की मानीबाई वाद घालत नाही. पट्टी तिच्या हातात देते. "ही गाठ सोडून दाखव. सुटली, तं बस बोटीत." पोरी हसत हसत बसतात, नखं लावतात, मैत्रिणींना बोलावतात. थोड्या वेळानं पट्टी परत देतात.

थंडी पडल्यावर कळंबची गाडी पुन्हा आली. अंकुर गाडीपाशीच घुटमळत राहिला. बेबीताई पुढे आल्या, हातातला घरच्या तीळगुळाचा लहान डबा त्यांनी जाकिटाच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि दुसरीकडेच पाहत म्हणाल्या, "हिनं जीव खाल्ला. बोटीत बसाचंच हाय म्हणे. मी म्हटलं, त्या बाईच्याच हातानं बसशीन तं बस."

निशिगंधा साध्या सलवारीत होती. तिनं खिळ्यावरची पट्टी ओळखली. काही न विचारता उतरवली आणि बाकड्यावर बसून गाठीशी झटू लागली. मानीबाईनं तिला झटू दिलं. रांग खोळंबली, शीलानं बाहेरून दोनदा हाक मारली. अखेर पोरीनं मान हलवली आणि पट्टी खिळ्यावर परत टांगली.

मग ती मानीबाईसमोर हात वर करून उभी राहिली. मानीबाईनं जाकीट चढवलं, कड्या लावल्या, पट्टा ओढला.

"श्वास येते का?"

"येतो, मावशी."

"बोलता बी येते?"

"हो, येतं ना."

"मंग सैल हाय," मानीबाई म्हणाली आणि पट्टा आणखी एकदा ओढला.